आईची दोन नावं, पॅन बंद आणि फॉर्म बनवणारा मीच: काय करावं?

सर्व्हर_डाऊन

नमस्कार मंडळी, धागा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात आयटीत, सतरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात आईला घेऊन बँकेत गेलो होतो (कुठली ते विचारू नका), कारण तिच्या एफडीच्या व्याजावर १० ऐवजी २० टक्के टीडीएस कापला गेलाय, तोही १५एच (टीडीएस कापू नका म्हणून द्यायचा फॉर्म) दिलेला असूनही. काउंटरवरच्या मॅडमनी दोन मिनिटं टकटक केलं आणि मॉनिटर आमच्याकडे वळवला. पॅन इनऑपरेटिव्ह. का, तर आधारशी लिंक नाही. लिंक का नाही, तर नाव जुळत नाही. आई काउंटरला टेकून मॅडमना म्हणाली, "अहो पण मी समोर उभी आहे ना." मॅडम बिचाऱ्या हसल्या, त्यांच्या हातात तरी काय आहे, त्या स्क्रीनला आई दिसत नाही.

तर झालंय असं की आई माहेरची कुसुम. मॅट्रिक कुसुम, डीएड कुसुम, शाळेत नोकरीला लागली कुसुम. मग १९७९ ला लग्न, बाबांनी तबकातल्या तांदळात अंगठीने 'वैशाली' लिहिलं आणि संपला विषय. शाळेने सर्व्हिस बुकात फक्त आडनाव बदललं, पहिलं नाव तसंच ठेवलं, त्यामुळे पेन्शन आणि पॅन कुसुम. रेशनकार्डावर बाबांनी लिहिलं वैशाली, आधार त्यावरून निघालं, म्हणून आधार वैशाली. स्पेलिंगचा एखादा घोळ असता तर ओटीपीवर निभावलं असतं, इथे अख्खी बाईच वेगळी आहे. ३० जून २०२३ ची मुदत गेली, १००० रुपये पण भरून झालेत, तरी लिंक होत नाही.

आता खरी गंमत (माझ्यासाठी गंमत नाही). २०१० च्या आसपास मी एका परदेशी क्लायंटच्या पोर्टलसाठी नावाचा फॉर्म लिहिला होता. फर्स्ट नेम, लास्ट नेम, दोन्ही कंपल्सरी, २५ अक्षरं, ए ते झेड सोडून काही चालणार नाही. जेवणाआधी अर्ध्या तासात उरकलेलं काम. आमच्या टीममधला टेस्टर तामिळनाडूचा, त्याला आडनावच नव्हतं, पुढे वडिलांच्या नावाचं एक अक्षर आणि मग नाव. त्याने बग टाकला की सर माझं स्वतःचंच नाव यात बसत नाही. मी तो बग 'ॲज डिझाइन्ड' (म्हणजे मुद्दामच असं ठेवलंय) लिहून बंद केला. त्याने मुकाट्याने वडिलांचं अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं आणि पुढची टेस्ट केस घेतली. पंधरा वर्षांनी तोच बग आईच्या नावाने परत ओपन झालाय असं वाटतंय.

प्रश्न एवढाच, की आधार बदलू का पॅन? गॅझेट (राजपत्रात नावबदल छापणं) करावं लागतं का? नोटरीवाला म्हणतो "कुसुम आणि वैशाली ही एकच व्यक्ती" असं ॲफिडेव्हिट करून देतो, चालून जाईल. खरंच चालतं का?

निवृत्त_कॅशियर

एकतीस वर्षं काउंटरच्या त्या बाजूला होतो, त्यामुळे त्या मॅडमबद्दल चांगलं लिहिलंत ते बरं वाटलं. सहसा शिव्याच खातो आम्ही.

नोटरीचं ॲफिडेव्हिट हा वेळ मारून नेण्याचा प्रकार आहे. एका शाखेत चालतं, साहेब बदलला की चालत नाही, आणि ऑनलाइन तर त्याला कोणी विचारत नाही. पहिलं नावच बदललंय म्हणजे राजपत्र करा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती येतात, अर्ज ऑनलाइन होतो. विवाह नोंदणी दाखला आहे का बघा. १९७९ म्हणजे बहुतेक नसेलच, तेव्हा कोण करत होतं. जुन्या लग्नाची नोंदणी आताही होते, फक्त साक्षीदार लागतात, तर लग्नाला हजर असलेलं कोण धडधाकट आहे त्याचा शोध घ्या.

पॅन की आधार, तर जिथून पैसे येतात ते नाव हलवू नका. पेन्शन कुसुमच्या नावाने असेल तर आधार कुसुम करा. एक लक्षात ठेवा, आधारवर नाव नेहमीच्या रस्त्याने आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग आईंच्या समोर बसून अक्षर न् अक्षर ठरवा. आमच्याकडे एक बाई लग्नानंतर एकदा आणि स्पेलिंगसाठी एकदा अशी दोन्ही वापरून बसल्या आणि मग घटस्फोट झाला.

अर्धवट_कोडर

+१ कॅशियर काका.

सर्व्हरभाऊ, तुमच्या आईंची केस निदान सरळ आहे, दोन नावं वेगळी. माझं काम नावं जुळवणाऱ्या सिस्टीमवर आहे आणि तिथला ताप विचारू नका. साउंडेक्स म्हणून एक पद्धत आहे, अमेरिकेत १९१८ साली तिचं पेटंट निघालं, उच्चार सारखा असेल तर नावं एकत्र यावीत म्हणून. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करायचे, एवढंच. स्मिथ आणि स्मिथ-विथ-वाय एकत्र येतात, सगळे खूश. आता त्यात आपला ज्ञानेश्वर टाका. मराठी माणूस लिहितो डीएन, हिंदीवाला जीवाय, संस्कृतवाला जेएन. कोड येतात डी५५२, जी५२६, जे५५२. माउली एक, माणसं तीन. दीपक डबल ई वाला आणि आय वाला मात्र गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात कारण स्वर ते मोजतच नाही, पण त्याच न्यायाने दीपक आणि दीपिका पण एकच होतात हे मी डेमोमध्ये सगळ्यांसमोर शिकलो.

आता नव्या लायब्ऱ्या आल्यात, एआय आलंय वगैरे, पण मूळ लोचा तोच आहे. नाव देवनागरीत एकच असतं, आपण ते इंग्रजीत नेतो, तिथे त्याची पाच स्पेलिंगं होतात आणि मग ती परत एक करायला आम्हाला पगार मिळतो. माझी तक्रार नाही, माझा ईएमआय त्यावरच चालतो.

सॅन_होजेची_सून

आमच्याकडे अमेरिकेत या, याच्यापुढची मजा दाखवते. माझ्या सासऱ्यांच्या पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात, गिव्हन नेम कोरं. व्हिसावर आलं एफएनयू. म्हणजे फर्स्ट नेम अननोन. इथल्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये नर्स दारातून ओरडते "फनू? मिस्टर फनू?" आणि आमचे सासरे इकडेतिकडे बघतात की हा फनू कोण बिचारा. आता नातू पण त्यांना फनूआजोबा म्हणतो.

आणि दुबईमार्गे येणारे असतील तर सांगा, यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना टूरिस्ट व्हिसा बंद केलाय. सर्व्हरभाऊ, तुमच्या आईंचा पासपोर्ट असेल तर तो कुठल्या नावाचा आहे ते आधी बघा!

चिमणीची_आई

थोडं अवांतर. मुलगी जुलै २०२४ ची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर मूल, मग आई, मग वडील, मग आडनाव असं लिहायचं असा महाराष्ट्रात नियम झालाय, आणि मला तो मनापासून आवडला. पण पाळणाघराच्या ॲपमध्ये तीनच रकाने. मी माझं नाव मिडल नेममध्ये टाकलं तर सासूबाई म्हणाल्या बाबांचं कुठंय, मग दोन्ही टाकली तर ॲप म्हणे स्पेस चालणार नाही. शेवटी आमची दोघांची नावं सलग, एका शब्दात. वाचायला एखाद्या औषधासारखं वाटतंय. पासपोर्टच्या खालच्या त्या बाण-बाण ओळीत नावाला ३९ जागा असतात म्हणे, आमचं आडनाव धरून ४१ होतंय.

खवट_खोबरं

हे सगळं तुम्हा आयटीवाल्यांचंच पाप आहे. तलाठी हाताने लिहायचा तेव्हा "कुसुम ऊर्फ वैशाली" लिहून मोकळा व्हायचा. ऊर्फ! दोन अक्षरांत काम. तुमच्या एकाच्या तरी फॉर्ममध्ये ऊर्फचा रकाना आहे का? (हलकं घ्या. पण फार हलकं नको.)

सर्व्हर_डाऊन

खवटभाऊ, साष्टांग. हा ऊर्फ मी उद्याच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे, फिल्डचं नाव पण ठरलंय. मॅनेजर विचारेल बिझनेस व्हॅल्यू काय, तर त्याच्या आईचं माहेरचं नाव विचारीन.

सगळ्यांना धन्यवाद. काकांचं ऐकून काल रात्री राजपत्राचा अर्ज भरायला बसलो. बाबा गेले तेव्हापासून घरात तिला वैशाली म्हणणारं तसंही कोणी उरलेलं नाही, आम्हाला आई, शेजाऱ्यांना काकू, शाळेतल्या मैत्रिणींना कुसुमच. तरी विचारलं की आधार कुसुम करायचं ना नक्की, कारण दोनदाच चान्स आहे. भाजी निवडता निवडता "कर" म्हणाली. मग मी अर्ज वाचून दाखवला, जुने नाव वैशाली, नवीन नाव कुसुम. तिचा हात थांबला. म्हणाली, "नवीन कसलं रे, बारशाला ठेवलंय ते." म्हटलं अगं फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत, जुनं आणि नवीन. "मग तू उलटं लिही." म्हटलं उलटं लिहिलं तर परत वैशालीच होशील. बराच वेळ काही बोलली नाही, मेथीच्या काड्या मोडत होती, मग म्हणाली तांदळातलं नाव दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी खिरीला घेतलं होतं.

मी लॅपटॉपकडे वळलो तर सेशन टाइमआउट. आज परत बसतो. लग्नातले साक्षीदार म्हणून मामा आणि मिरजेच्या मावशी मिळाल्यात, तिसरं कोणी लागलं तर बँडवाल्याला शोधावं लागेल. मावशींच्या आधारवर त्यांचं नाव काय आहे ते अजून विचारलेलं नाही.