बैलबेडूक आणि भेक यांच्या खुब्याच्या हाडात एवढा फरक का?

कृष्णाकाठ, सांगली
आमच्या महाविद्यालयात विच्छेदन बंद होण्यापूर्वीचे दोन सांगाडे आहेत, एक बैलबेडकाचा आणि एक भेकाचा (टोडचा). खुब्यापासून पुढे पाठीच्या कण्याकडे जाणारे लांब हाड, म्हणजे इलियम, दोघांतही आहे. मात्र बैलबेडकाच्या इलियमच्या वरच्या कडेवर पातळ, उंच कंगोरा आहे, तर भेकाचे हाड गुळगुळीत असून खुब्याजवळ तेवढा एक उंचवटा दिसतो. ‘उडीसाठी अनुकूलन’ एवढ्यावर पाठ्यपुस्तक थांबते. हा फरक सवयीचा मानावा की कुळाचा?

सज्जनगड, सातारा
सर, कंगोऱ्याइतकेच लक्ष इलियम ज्या मणक्याला टेकते त्या सांध्याकडे द्यावे. बैलबेडकात त्या मणक्याचे आडवे प्रवर्ध, म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेले फाटे, बारीक व दंडगोल असतात, त्यामुळे सांधा बिजागरीसारखा वरखाली हलतो. बसलेल्या बेडकाच्या पाठीला जो बाक दिसतो तो याच ठिकाणी असतो आणि उडी घेताना पाठीचे स्नायू तो सरळ करतात. भेकात हेच प्रवर्ध रुंद व चपटे असल्याने इलियम त्यांच्यावरून डावीउजवीकडे फिरू शकते, आणि चालत, छोट्या उड्या मारत जाणाऱ्या प्राण्याला तेच सोयीचे पडते. आफ्रिकेतील पाण्यात राहणाऱ्या झेनोपस बेडकामध्ये तर इलियम पुढेमागे सरकते. जीवशास्त्रज्ञ शॅरन इमर्सन यांनी 1979 मध्ये या सांध्याचे प्रकार मांडले आणि आजही चर्चा त्याच चौकटीत चालते.

डोंगरवाट, पाटण
वरील खुलासा पटतो, पण त्यातून मूळ प्रश्न सुटत नाही, कारण बैलबेडूक आणि भेक एकमेकांपासून फार पूर्वी दुरावलेल्या कुळांतले आहेत आणि अशा दोघांची तुलना केल्यास सवय व वारसा वेगळे काढताच येत नाहीत. त्यापेक्षा बैलबेडकाच्याच कुळातील, पण मागच्या पायांनी माती उकरून जमिनीत शिरणारा स्फेरोथेका शेजारी ठेवावा; आपल्याकडे पहिल्या पावसात तो बाहेर येतो. उलट बाजूने पाहायचे तर भूमध्य समुद्राभोवतीचा डिस्कोग्लॉसस बेडूक घ्यावा: बैलबेडकाशी त्याचे नाते दूरचे, तरीही त्याच्या इलियमवर ठळक कंगोरा आहे. एकच रचना निरनिराळ्या शाखांत आढळत असेल, तर केवळ कुळाचे कारण पुरे पडत नाही.

जीवाश्मांत तर इलियम हा मोठाच आधार आहे, कारण बाकीचा सांगाडा विखुरला तरी हे हाड पुष्कळदा ओळखता येते. मादागास्करमधील सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायडोबेट्रेकस या बेडकासारख्या प्राण्याचे इलियम पुढे झुकलेले व लांबट होते, पण शेपटीचे मणके अजून सुटे होते, आजच्या बेडकांसारखे जुळून एक हाड झालेले नव्हते. ॲरिझोनातील ज्युरासिक काळाच्या आरंभीच्या प्रोसॅलिरस या बेडकामध्ये मात्र उडी मारणाऱ्या बेडकाची ठेवण स्पष्ट दिसते. म्हणजे इलियम आधी लांबले आणि उरलेली जुळणी मागाहून झाली.

कृष्णाकाठ, सांगली
आभारी आहे. स्फेरोथेकाचा सांगाडा आमच्याकडे नाही. साताऱ्याच्या किंवा कराडच्या एखाद्या महाविद्यालयात जुना नमुना असल्यास कृपया कळवावे. इलियमचे बाजूने घेतलेले आणि मणक्याचे वरून घेतलेले छायाचित्र मिळाले तरी काम भागेल.