स्टॉकहोम १९७४ : विजेता आणि दावेदार समोरासमोर आलेच नाहीत

मीनल ए-१०२ : सोसायटीच्या बुद्धिबळ स्पर्धेतील सर्व विजेत्यांचे अभिनंदन. निकालाबद्दल माझी तक्रार नाही, पण पद्धतीबद्दल एक शंका आहे. चार फेऱ्या झाल्या आणि त्यांत आपले दोन सर्वांत तयार खेळाडू एकमेकांसमोर आलेच नाहीत. अशा वेळी पहिल्या क्रमांकाला निर्विवाद म्हणता येते का? साखळी पद्धत ठेवायला हवी होती, असे मला वाटते.

अनंतकाका बी-४०३ : मीनल, तुझी शंका रास्त आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हाही नेमके हेच घडले होते. ऑगस्ट १९७४ मध्ये स्टॉकहोमला ‘इफिप’ या संगणकविषयक आंतरराष्ट्रीय महासंघाचे अधिवेशन भरले होते आणि त्याला जोडून ही स्पर्धा घेण्यात आली. आठ देशांचे तेरा प्रोग्रॅम उतरले होते. त्यांत अमेरिकेचे चार, ब्रिटनचे तीन आणि सोव्हिएत संघ, कॅनडा, हंगेरी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व नॉर्वे यांचा प्रत्येकी एक होता. साखळी पद्धत ठेवली असती तर ७८ डाव खेळवावे लागले असते, आणि ४० खेळ्यांसाठी प्रत्येकी दोन तास असा वेळ दिलेला असल्यामुळे अधिवेशन संपून मंडळी घरी गेली तरी स्पर्धा चालूच राहिली असती. म्हणून चार फेऱ्यांची स्विस पद्धत स्वीकारली गेली, आणि तेरा ही विषम संख्या असल्यामुळे दर फेरीत एकाला पुढे चाल मिळाली.

दावेदार ठरलेला होता. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनी घडवलेल्या ‘चेस’ या प्रोग्रॅमने १९७० पासूनच्या चारही अमेरिकन स्पर्धा जिंकल्या होत्या आणि त्याची ४.० ही आवृत्ती स्टॉकहोमला आली होती. प्रत्यक्षात जिंकला तो मॉस्कोचा ‘कैसा’, तोही चारपैकी चार गुण घेऊन. ‘चेस ४.०’ला तीन गुण मिळाले. स्पर्धेत या दोघांची गाठ पडलीच नाही.

ऋग्वेद सी-२०१ : काका, ती पडली का नाही? स्विस पद्धतीत समान गुण असलेल्यांना एकमेकांसमोर बसवतात ना?

अनंतकाका बी-४०३ : तसेच बसवतात, आणि म्हणूनच ती पडली नाही. दुसऱ्याच फेरीत ‘चेस ४.०’ हा ‘केऑस’ नावाच्या दुसऱ्या अमेरिकन प्रोग्रॅमकडून हरला. त्यामुळे तो एक गुणाच्या गटात उतरला आणि कैसा वरच्या गटात राहिला. तिसऱ्या फेरीत कैसाने त्या केऑसलाच हरवले. त्यामुळे विजेतेपद निर्विवाद नव्हते हे मान्य केले, तरी ते उपरे होते असे मी म्हणणार नाही. दावेदाराला ज्याने पाडले, त्याला विजेत्याने पाडले होते.

प्रभाकर सर बी-१०४ : अनंतराव, आपला आदर राखून लिहितो. मी अनेक वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवतो आहे. त्या काळातील संगणकांचे डाव मी पटावर लावून पाहिलेले आहेत आणि एकंदरीत ते कच्चे आहेत. ज्या डावांत वजीर निष्कारण भटकतो आणि शेवटच्या टप्प्यात राजाला कुठे न्यावे हे कळत नाही, त्यांच्या निकालाचे इतके कौतुक कशासाठी करावे? १९७१ च्या शिकागोच्या स्पर्धेतील ‘कोको’चा डाव आपणांस ठाऊक असेलच.

मीनल ए-१०२ : सर, आम्हांला तो ठाऊक नाही. कृपया सांगावा.

प्रभाकर सर बी-१०४ : ‘कोको’ची गाठ ‘जिनी’ नावाच्या प्रोग्रॅमशी पडली होती. कोकोने प्रतिस्पर्ध्याचा राजा हुसकत हुसकत पार आपल्या बाजूला ओढून आणला आणि एका खेळीत मात होईल अशी स्थिती आली. त्या स्थितीत कोणतेही मूल मात करून मोकळे झाले असते. कोकोला मात दिसत होती, पण ती अनेक मार्गांनी दिसत होती, आणि आत्ताची मात व दोन खेळ्यांनंतरची मात यांना त्याच्या लेखी सारखेच मोल होते. त्यामुळे तो मात पुढे ढकलत स्वतःचा राजा इकडून तिकडे हलवत बसला. मधल्या काळात जिनीने प्यादे पुढे रेटून वजीर केला आणि अखेर कोकोच्या कर्त्यांनाच डाव सोडावा लागला. याला खेळ म्हणायचे की हिशेबाची फसगत?

अनंतकाका बी-४०३ : सर, उदाहरण अगदी योग्य आहे, पण माझ्या मते ते आपल्या मुद्द्याच्या उलट बाजूला जाते. कोकोचा हिशेब चुकला नव्हता. ‘लवकरची मात अधिक मोलाची’ ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नव्हती. माणसाला जे सांगावे लागत नाही, ते यंत्राला सांगावे लागते, हे कर्त्यांना अशा डावांतूनच एकेक करून कळत गेले. स्टॉकहोमच्या स्पर्धेचे मोल मला वाटते ते याच कारणासाठी. प्रयोगशाळेत स्वतःच्या प्रोग्रॅमशी खेळून जी उणीव वर्षभर दिसत नाही, ती परक्या प्रोग्रॅमसमोर दोन तासांत उघडी पडते.

खरा वाद देशांचा नव्हताच. तो दोन पद्धतींचा होता आणि त्याचे मूळ अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांच्या १९५० च्या निबंधात आहे. सर्वसाधारण स्थितीत साधारणपणे तीस खेळ्या शक्य असतात. एक खेळी आणि तिचे उत्तर धरले की जवळजवळ हजार शक्यता होतात, आणि पुढच्या जोडीला दहा लाख. यावर शॅनन यांनी दोन मार्ग सुचवले होते. एकात ठरावीक खोलीपर्यंत झाडून सगळ्या खेळ्या तपासायच्या, तर दुसऱ्यात जाणत्या खेळाडूप्रमाणे मोजक्या खेळ्या निवडून त्यांच्याच मागे खोल जायचे. दुसरा मार्ग माणसाला शहाणपणाचा वाटतो, आणि सुरुवातीला बहुतेकांनी तोच धरला. अडचण अशी की, निवड करणारा भागच अडाणी असेल तर नेमकी महत्त्वाची खेळी पाहण्यापूर्वीच टाकून दिली जाते, आणि मग कितीही खोल गेले तरी उपयोग होत नाही.

मॉस्कोचे लोक पहिल्या मार्गाचे होते. १९६६-६७ मध्ये तेथील सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकशास्त्र संस्थेतील त्यांच्या आधीच्या प्रोग्रॅमने कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रोग्रॅमशी तारेने चार डावांचा सामना खेळला. तो सामना सुमारे नऊ महिने चालला. स्टॅनफर्डचा प्रोग्रॅम निवड करणारा होता, मॉस्कोचा झाडून तपासणारा. मॉस्कोने दोन डाव जिंकले आणि दोन बरोबरीत सुटले. मला सर्वांत बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: बरोबरीचे दोन्ही डाव मॉस्कोने तीन अर्ध्या खेळ्यांच्या (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी खेळी) खोलीवर खेळले होते आणि जिंकलेले दोन्ही पाचच्या खोलीवर.

ऋग्वेद सी-२०१ : पण काका, सगळ्याच खेळ्या तपासायच्या तर तेव्हाच्या संगणकाला ते झेपले कसे? आमच्या अभ्यासक्रमात अल्फा-बीटा छाटणी आहे, तीच तेव्हाही होती का?

अनंतकाका बी-४०३ : तीच होती. ज्या खेळीला प्रतिस्पर्ध्याकडे एक खणखणीत उत्तर आहे हे कळले, तिची उरलेली उत्तरे पाहण्यात वेळ घालवायचा नाही, एवढेच त्याचे सूत्र आहे. यात निवडीसारखा धोका नाही, कारण छाटलेल्या फांदीमुळे अंतिम निर्णय बदलतच नाही. खेळ्या चांगल्या क्रमाने तपासल्या, तर तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट खोल जाता येते. शिवाय तुला एक ओळखीचे नाव सांगतो. मॉस्कोच्या त्या गटात अडेल्सन-वेल्स्की होते. तुमच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात येणाऱ्या एव्हीएल ट्री या माहितीच्या झाडासारख्या समतोल मांडणीतील ‘ए’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे त्यांच्या नावाची आहेत, आणि ‘एल’ हे लँडिस यांचे. त्या दोघांनी ती रचना १९६२ मध्ये मांडली होती.

ऋग्वेद सी-२०१ : एव्हीएल ट्री म्हणजे आमच्या वर्गाचा कर्दनकाळ. ते रचणारे गृहस्थ बुद्धिबळाच्याही मागे होते हे वाचून आनंद झाला.

वसुधाताई सी-३०३ : मी बुद्धिबळ खेळत नाही, तरी एका गोष्टीची भर घालते. मॉस्कोच्या प्रोग्रॅमचे ‘कैसा’ हे नाव बुद्धिबळाच्या देवतेचे आहे, आणि ते ज्यांच्या कवितेमुळे रूढ झाले, ते विल्यम जोन्स म्हणजे कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद करणारे जोन्सच. कविता मात्र त्यांनी भारतात येण्याच्या कितीतरी आधी, ऐन तारुण्यात लिहिली होती.

प्रभाकर सर बी-१०४ : ताई, ही माहिती मला नवीन आहे. आभारी आहे. अनंतराव, आता आपल्याच कथनातील एक विसंगती दाखवतो. झाडून तपासणारेच श्रेष्ठ असतील, तर ‘चेस ४.०’ला हरवणारा केऑस कोणत्या पद्धतीचा होता? माझ्या समजुतीप्रमाणे तो निवड करणारा होता.

अनंतकाका बी-४०३ : सर, आपण बरोबर ठिकाणी बोट ठेवले. केऑस निवड करणाराच होता, आणि त्याला हरलेला ‘चेस ४.०’ हा आधीच्या आवृत्त्यांची निवडीची पद्धत टाकून नुकताच झाडून तपासू लागलेला प्रोग्रॅम होता. त्या डावाची सोळावी खेळी आजही पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या केऑसने ई-६ घरातील प्यादे घोड्याने मारले आणि तो घोडा सरळ देऊन टाकला. बदल्यात लगेच आणखी एक प्यादे शहासह मिळाले, म्हणजे घोड्याला दोन प्यादी. नुसत्या मोहऱ्यांच्या मोलाने पाहिले तर हा तोट्याचा व्यवहार होता. पण काळ्याचा राजा पटाच्या मध्येच अडकला, त्याची मोहरी एकमेकांच्या वाटेत आली, आणि ती कोंडी त्याला धड सोडवता आली नाही. मात किंवा मोहऱ्यांची परतफेड केऑसच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हतीच. स्थितीला गुण देणाऱ्या त्याच्या सूत्राने राजाची असुरक्षितता घोड्यापेक्षा महाग ठरवली आणि त्या हिशेबावर त्याने घोडा दिला. माणूस अशा खेळीला दूरदृष्टीचे बलिदान म्हणतो.

म्हणून मी माझे आधीचे म्हणणे जरा नेमके करतो. किती खोल पाहिले यावर चुका टळतात, पण पाहून झाल्यावर स्थितीला काय मोल द्यायचे यावर डावाची दिशा ठरते. पुढल्या काळात जोर खोलीवर राहिला, कारण यंत्रे वेगवान होत गेली आणि मोल ठरवणारे सूत्र सुधारण्यापेक्षा खोली वाढवणे सोपे होते.

मीनल ए-१०२ : हे सर्व मान्य आहे, पण माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. कैसा आणि ‘चेस ४.०’ यांच्यात श्रेष्ठ कोण, हे स्टॉकहोमला ठरले का?

अनंतकाका बी-४०३ : ठरले नाही. सगळ्यांनाच ती रुखरुख असल्यामुळे स्पर्धा संपल्यावर दोघांचा एक प्रदर्शनीय डाव खेळवण्यात आला आणि तोही बरोबरीत सुटला. पुढची जागतिक स्पर्धा तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, टोरोंटोला झाली. तेथे सोळा प्रोग्रॅम होते आणि ‘चेस ४.६’ने अजिंक्यपद मिळवले. कैसा पहिल्याच फेरीत ड्यूक विद्यापीठाच्या ‘डचेस’कडून हरला. सर, तो डाव आपण जरूर पटावर लावावा.

प्रभाकर सर बी-१०४ : चौतिसाव्या खेळीचा? तो मी मुलांना मुद्दाम दाखवतो. डचेसच्या वजिराने ए-८ घरातून शह दिला होता. राजाला जी-७ घरात सरकवणे उघड होते. कैसाने त्याऐवजी मध्ये हत्ती घातला, तो वजिराला फुकट देण्यासाठीच जणू. प्रेक्षकांत माजी जगज्जेते मिखाईल बॉट्विनिक होते. प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघाड झाला, असेच त्यांच्यासह सर्वांना वाटले.

ऋग्वेद सी-२०१ : आणि बिघाड नव्हता?

प्रभाकर सर बी-१०४ : नव्हता. डाव संपल्यावर कैसाला जी-७ ची खेळी तपासायला लावली, तेव्हा त्याने उत्तर दाखवले. पांढरा एफ-८ घरात वजिराचे बलिदान देतो, राजाला तो घ्यावाच लागतो, मग एच-६ वरून उंटाचा शह, आणि त्यानंतर हत्ती शेवटच्या ओळीवर उतरून मात करतो. मध्ये मोहरी घालून मात लांबते, टळत नाही. सभागृहातील एकाही जाणकाराला ते दिसले नव्हते. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण कच्च्या खेळाचा आरोपही मीच केला होता. परंतु माझा आक्षेप अजून शिल्लक आहे. हत्ती देऊन कैसा फक्त सावकाश हरला. त्याच्या जागी मी असतो तर राजा जी-७ वर नेऊन गप्प बसलो असतो. बॉट्विनिक यांना जे बलिदान दिसले नाही, ते समोरच्याला दिसेलच कशावरून?

अनंतकाका बी-४०३ : सर, येथे आपण जिंकलात. समोरचा प्रत्येक वेळी आपल्याइतकेच पाहतो आणि सर्वोत्तम उत्तर देतो, हे या सर्व प्रोग्रॅमचे गृहीतक होते, आणि अल्फा-बीटा छाटणीही त्याच गृहीतकावर उभी आहे. समोरच्याला ते दिसणार नाही यावर जुगार खेळायचा, तर त्याच्या अज्ञानालाही आकडा द्यावा लागतो. तसा आकडा कैसाजवळ नव्हता. म्हणून त्याला निश्चित मात आणि हत्तीचे नुकसान यांतूनच निवडायचे होते, आणि त्या हिशेबात हत्ती स्वस्त होता.

मीनल ए-१०२ : काका, सर, दोघांचेही आभार. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत स्विस पद्धतच ठेवावी, मात्र पहिल्या दोघांची गाठ पडली नसेल तर त्यांचा एक जादा डाव घ्यावा, असा प्रस्ताव मी समितीला लेखी देते.

प्रभाकर सर बी-१०४ : अनुमोदन. तो डाव बरोबरीत सुटला तर काय करायचे, तेही त्याच पत्रात लिहावे.