बांबू उडीच्या पोरांना आठवड्यातून तीन दिवस सिंगलबार: बरोबर की चूक?

उंच_बांबू (धागा सुरू करणारा)

मी कोल्हापुरात पोल व्हॉल्ट शिकवतो. आपल्याकडं अजून बांबू उडीच म्हणतात. बारा ते सतरा वयाची अकरा पोरं-पोरी आहेत. यंदा जूनपासून सरावाच्या सहा दिवसांतले तीन दिवस मी सिंगलबार, दोर, हँडस्टँड आणि कोलांट्यांना दिलेत. त्यावरून परवा दोन पालक माझ्यावर नाराज झाले. मैदानावरच्या एका जुन्या प्रशिक्षकांनीही सुनावलं, "पोरं पळवा, बाकीचं आपोआप येतं."

मला हे पटत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यापासून आडवी दांडी ओलांडेपर्यंत जेमतेम दीडेक सेकंद जातो. तेवढ्यात पोरानं पोलला लटकायचं, मागचा पाय लांब ठेवून झोका घ्यायचा, कंबर हाताच्या वर न्यायची, उलटं व्हायचं, पोट दांडीकडं करून वळायचं आणि शेवटी पोल ढकलून द्यायचा. एका संध्याकाळी एका पोराच्या वाट्याला बारा उड्या येतात, म्हणजे हवेतला सराव सगळा मिळून अठरा सेकंद. अठरा सेकंदांत कोण काय शिकणार? सिंगलबारवर तोच झोका पन्नास वेळा घेता येतो, आणि चुकला तर तिथंच थांबवून दाखवता येतो.

येलेना इसिनबायेवा पाचव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्टिक्स करत होती. उंची वाढली म्हणून तिथून बाहेर पडली आणि 1997 मध्ये पोल हातात घेतला. 1998 ला मॉस्कोत जागतिक युवा स्पर्धेत 4.00 मीटर मारून जिंकली, 2004 आणि 2008 ला ऑलिम्पिक सुवर्ण, 2009 ला झुरिचला 5.06. हवेत उलटं होणं तिच्या अंगात आधीच मुरलेलं होतं, म्हणून ती इतक्या लवकर वर गेली असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पण कारणासकट लिहा.

शंभर_मीटर

सर, तुमची तळमळ दिसते, पण तीन दिवस हे मला साफ चूक वाटतं. पोल काही स्वतःची ताकद देत नाही. तुम्ही पळून जी ऊर्जा आणता तीच तो वाकून साठवतो आणि सरळ होताना परत देतो. साधा हिशेब करा. वेगाचा वर्ग भागिले 19.6 केला की त्या वेगातून शरीर किती वर जाऊ शकतं ते मिळतं. सेकंदाला 8 मीटर वेगानं येणाऱ्या पोराला सुमारे 3.26 मीटर मिळतात, 9 मीटरवाल्याला 4.13. एका मीटरच्या वेगानं 87 सेंटिमीटरचा फरक पडला. कुठल्या सिंगलबारवर हे मिळणार आहे?

स्वीडनचा पोल व्हॉल्टर डुप्लांटिस बघा. सप्टेंबर 2024 मध्ये झुरिचला तो अडथळ्यांच्या शर्यतीतल्या वारहोमशी सपाट 100 मीटर पळला आणि 10.37 सेकंदांत जिंकला. पुढच्या वर्षी टोकियोत 6.30 मीटरची उडी मारली. आणि इसिनबायेवाचं उदाहरण देताय तर स्टेसी ड्रॅगिलाचंही द्या. महिलांची पोल व्हॉल्ट ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली ती 2000 ला सिडनीत. तिथं 4.60 मारून सुवर्ण घेणारी ड्रॅगिला हेप्टॅथलॉनमधून आली होती. सात प्रकारांत धावणं, उड्या, फेक सगळं केलेली बाई.

बारा ते सतरा हेच वेग वाढायचं वय आहे. ते सिंगलबारला लटकण्यात गेलं तर नंतर हाताशी येणार नाही.

लाल_माती

मी लहानपणी तालमीत आणि नंतर मल्लखांबावर वाढलो, म्हणून थोडं लिहितो. आपल्याकडं पैलवान जोर-बैठकांबरोबर दोर चढतो तो उगाच नाही. पंजा, मनगट, खांदा आणि पाठ एकाच वेळी कामाला लागतात. मल्लखांबावर दसरंग मारताना पोरगं उलटं होतं. पहिल्या आठवड्यात रडतं, महिन्यात हसत मारतं. डोकं खाली आणि पाय वर गेल्यावर जी भीती असते ती गेली पाहिजे. बांबू उडीत पोरगं अडतं ते तिथंच. मी स्वतः पाहिलंय, चांगलं पळणारं पोरगं पोल वाकल्यावर घाबरून हात सोडतं. त्याला आणखी पळवून काय होणार?

माझं म्हणणं एवढंच, की जिम्नॅस्टिक्सचा बार विकत आणायची गरज नाही. दोरीचा मल्लखांब गल्लोगल्ली करता येतो.

उंच_बांबू

@लाल_माती दादा, भीतीबद्दल शंभर टक्के सहमत. पण एक अडचण सांगतो. मल्लखांबात मांड्यांची आणि दोरीवर पायाच्या बोटांची पकड असते. पोलला पायानं धरायचंच नाही, सगळा भार हातावर. माझ्याकडं मल्लखांबातून आलेली दोन पोरं आहेत. धाडस जबरदस्त, पण पोलवर गेली की पाय आपोआप आवळतात. म्हणून मी त्यांना दोरावर पाय मोकळे सोडून फक्त हातांवर उलटं व्हायला लावतो.

@शंभर_मीटर साहेब, तुमचा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. तेवढी ऊर्जा आली, पण झोका वेळेत पूर्ण झाला नाही तर पोल सरळ होताना पोराला वर न फेकता पुढं फेकतो. अंग आडवं असतानाच दांडीवर पडतं. शिवाय पोलवर असताना खांद्यांनी आणि पोटानं केलेलं काम तुमच्या सूत्रात नाही, ते वरून मिळतं. आणि पावसाचं काय? जून ते सप्टेंबर कोल्हापुरात रनअपवर पाणी, गादी भिजून जड झालेली. ओल्या हातानं पोल निसटला तर जबाबदार कोण? चार महिने पोरं घरी बसवू का?

कसबा_बावडा_आई

माझी लेक तीन वर्षं जिम्नॅस्टिक्स करून बांबू उडीकडं आली, आता चौदाची आहे. दोन्ही बाजू वाचल्या, म्हणून घरातलं सांगते. सिंगलबारवर ती सुरेख करते, बघणारे थांबून बघतात. पण रनअपला शेवटच्या चार पावलांत ती लहान लहान पावलं टाकते आणि तिचा वेग मरतो. तिच्या सरांनी व्हिडिओ दाखवला तेव्हा मलाही दिसलं. पोल बॉक्समध्ये, म्हणजे रनअपच्या शेवटी जमिनीत असलेल्या खाचेत, टेकवायच्या क्षणाला ती घाबरते, आणि बारवर तो क्षण येतच नाही ना सर. तिथं हात आधीच दांडीला असतात.

दुसरं म्हणजे खांदे. शाळा, क्लास, वर तीन दिवस लटकणं. मागच्या हिवाळ्यात महिनाभर तिला वेणी घालायला हात वर जात नव्हता. वाढत्या वयाच्या मुलींचा हा विचार कुणीतरी करा, ही कळकळीची विनंती.

पुढची_उडी

मी अजून उड्या मारतो, एकोणीस वर्षांचा आहे. ताई म्हणतात ते खरंय, पण मला त्याहून मोठा त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. बारवर मला किप शिकवली, म्हणजे लटकलेल्या स्थितीतून झोका घेऊन बारच्या वर येणं. त्यात दोन्ही पाय एकदम, गुडघे पोटाशी घेऊन पटकन वर आणायचे. पोलवर नेमकं उलटं पाहिजे. मी डाव्या पायावर उठतो, तर उजवा गुडघा पुढं आणि डावा पाय मागं लांब, सरळ, चाबकासारखा यायला पाहिजे. तो लवकर मुडपला की पोलवरचा दाब जातो आणि तो वेळेआधी सरळ व्हायला लागतो. माझ्या अंगात ती किप इतकी बसली होती की ती मोडायला अख्खा सीझन गेला. त्यात हात कोपरातून ओढायची सवय वेगळीच.

बार वाईट नाही. पण बारवर जिम्नॅस्टसारखं करायचं की व्हॉल्टरसारखं, हे आधी ठरवा.

शंभर_मीटर

भावा, लई मोलाचं लिहिलंस. माझा मुद्दा मी नीट मांडू शकलो नव्हतो, तो तू मांडलास. बार हलत नाही, पोल हलतो. बारवर शरीर एका ठिकाणाभोवती फिरतं, इथं वरचा हात स्वतःच पुढं आणि वर चाललेला असतो.

पावसाचं सरांचं म्हणणं मी मान्य करतो. जुलैमध्ये दुसरा मार्ग नाही. पण ऑक्टोबर उजाडल्यावरही तीन दिवस कशासाठी?

उंच_बांबू

@पुढची_उडी तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मी पोरांना किप शिकवतोय, आणि दोन्ही पाय जोडूनच. उद्यापासून ती बंद करतो. बारवरचा प्रत्येक झोका एक गुडघा वर, दुसरा पाय लांब, कोपर सरळ, असाच होईल. उजव्या हाताची पोरं आणि डावखुरी वेगळी करावी लागतील, ते करतो.

@कसबा_बावडा_आई ताई, खांद्याचं तुमचं बोलणं लागलं. लटकण्याचे सलग दिवस ठेवणार नाही, मधे एक दिवस जाऊ देतो. आणि शेवटच्या पावलांसाठी पोल घेऊन नुसतं पळणं, बॉक्सऐवजी गादीवर सरकवलेल्या टॉवेलवर पोल टेकवणं, हे बारच्या दिवशीही पंधरा मिनिटं करून घेतो.

पण ऑक्टोबरनंतरही दोन दिवस मी सोडणार नाही साहेब. एकावर मी यायचो नाही. अठरा सेकंदांचा हिशेब अजून कुणी खोडलेला नाही.

शंभर_मीटर

ठीक आहे, मग मोजूया. बॉक्सच्या आधी 10 मीटरपासून 5 मीटरपर्यंतचा वेळ प्रत्येक पोराचा लिहून ठेवा, आज एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. बार चालू असताना तो वेळ कमी झाला तर मी गप्प बसतो. वाढला तर तुम्ही एक दिवस मला द्यायचा.

उंच_बांबू

मंजूर. पण दांडीची उंचीही त्याच वहीत लिहायची. रविवारी सकाळी साडेसहाला या, पाऊस नसला तर.