मांजर विमानाने पुण्याहून दिल्लीला न्यायचीय: कंपनी, बॅग, कागदपत्रं यांबद्दल सल्ला हवा

विश्रामबागकर, सांगली
नमस्कार मंडळी. मेच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून दिल्लीला बिऱ्हाड हलवायचंय. सोबत दोन वर्षांची पर्शियन मांजर आहे. वजन ३ किलो ८०० ग्रॅम, नसबंदी झालेली, रेबीजची लस गेल्या जूनमधली. तिला केबिनमध्ये आमच्यासोबतच न्यायचंय. कोल्हापूरहून जमेल की पुणंच गाठावं लागेल? कंपनी कुठली? बॅग कसली घ्यायची? झोपेचं औषध द्यायचं का? एकाने ॲव्हिलची (माणसांच्या ॲलर्जीवरची) अर्धी गोळी सुचवलीय. तिकीट अजून काढलेलं नाही.

पेठनाका
तिकीट काढलं नाहीत हे बेस झालं. आधी मांजर बॅगेत घालून एकत्र वजन करा. मग कंपनीला फोन करून त्या विमानात प्राण्यासाठी जागा आहे का विचारा, आणि ती मिळाली की लगेच तिकीट काढून त्यावर मांजराची नोंद करून घ्या. एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. तो कोटा भरला असेल तर तुमचं तिकीट पक्कं आणि मांजर मात्र दारात, अशी गत होते.

कोल्हापूर जवळ आहे खरं, पण तिथल्या फेऱ्यांत इंडिगो मोठी आणि इंडिगो पाळीव प्राणी नेतच नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. अपवाद फक्त दिव्यांग प्रवाशांच्या प्रशिक्षित कुत्र्यांचा. शिवाय कोल्हापूरहून दिल्लीला जायचं म्हणजे मध्ये विमान बदलणं आलं. दोन वेगळ्या कंपन्या असल्या तर पहिलीने दिलेली परवानगी दुसरी मानत नाही, सगळं नव्याने. त्यापेक्षा पुण्याहून थेट विमान घ्या.

पुण्याहून एअर इंडिया आणि आकासा या दोन्ही कंपन्यांकडे चौकशी करा. आकासाने नोव्हेंबर २०२२ पासून प्राणी न्यायला सुरुवात केली तेव्हा केबिनची मर्यादा ७ किलो होती. एअर इंडियाचा ५ किलोचा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय. हे आकडे बदलत असतात, म्हणून जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. ज्या दिवशी बुकिंग कराल त्या दिवशीचा आकडा कंपनीच्या पानावरून घ्या आणि ईमेलवर लेखी मागा. काउंटरवरचा माणूस नवीन असला तर तो ईमेलच कामाला येतो.

मर्यादा कुठलीही असो, ती बॅगेसकट असते. तुमचाच हिशेब बघा: मांजर ३.८, कापडी बॅग साधारण १.२, आतला पॅड आणि टॉवेल ०.२, म्हणजे झाले ५.२ किलो. कडक प्लॅस्टिकचा पिंजरा घेतला तर ६ च्या आसपास. घरच्या वजनकाट्यावर मांजर उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, यात दोन-तीनशे ग्रॅमची चूक सहज होते. डॉक्टरांकडच्या नाहीतर भुसार दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा.

कृष्णाकाठ
बॅगेबद्दल मी लिहितो.

केबिनसाठी मऊ कापडी बॅग घ्या, कारण ती समोरच्या सीटखाली सरकवायची असते आणि कडक पिंजरा तिथे अडकतो. उंचीचं माप कंपनी देते, त्याहून मोठी घेऊ नका. किमान तीन बाजूंना जाळी हवी, तळ पाणी न झिरपणारा हवा, आणि चेनचे दोन्ही सरक एकमेकांत अडकवता यायला हवेत. मांजर पंज्याने चेन उघडते. तिथे छोटा कॅराबिनर (स्प्रिंगची कडी) लावा, कुलूप नको. पाठीवर घ्यायची पारदर्शक बुडबुड्याची बॅग दिसते झकास, पण मे महिन्यात आत भट्टी होते.

जाळी नायलॉनची असेल तर नखाने ओढून बघा. स्वस्त बॅगांची शिवण तिथेच उसवते.

आत कसं घालायचं: तळाला लघवी शोषणारा पॅड, त्यावर तिच्या नेहमीच्या झोपण्याच्या कापडाचा तुकडा, न धुतलेला. वास तिचाच राहू द्या. पर्शियनचे केस लांब असतात, त्यामुळे शेपटीखालचे आणि मांड्यांचे केस आधीच कातरून घ्या, नाहीतर एकदा घाण झाली की विमानात साफ करता येत नाही.

सवय लावायला तीन ते चार आठवडे धरा, म्हणजे आत्तापासूनच. पहिला आठवडा बॅग घरात उघडी पडू द्या आणि जेवण तिच्या शेजारी द्या. दुसऱ्या आठवड्यात जेवण बॅगेत. मग चेन लावून पाच मिनिटं, पुढे पंधरा, पुढे तास. त्यानंतर बॅग गाडीत ठेवून आधी नुसतं इंजिन चालू, मग माधवनगरपर्यंत फेरी, मग इस्लामपूरपर्यंत. प्रवासाच्या दिवशीच बॅग पहिल्यांदा बाहेर काढली तर मांजर तिचा संबंध फक्त डॉक्टर आणि सुईशी जोडते आणि पुण्यापर्यंतचे पाचही तास ओरडते.

बॅगेत असतानाही अंगावर हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, हवाच. कारण खाली येतंय.

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत बॅग एक्स-रे यंत्रातून जाते, मांजर नाही. तिला बाहेर काढून तुम्ही हातात घेऊन जायचं. सगळ्यात जास्त मांजरं निसटतात ती इथेच: ट्रेचा खडखडाट, अनोळखी माणसं, चकचकीत फरशी. रांगेत लागण्याआधीच सीआयएसएफच्या जवानाला सांगा की मांजर आहे, बंद खोलीत तपासणी करता येईल का. बहुतेक वेळा ऐकतात. हार्नेसला धातूची कडी शक्य तितकी कमी ठेवा, दोरी मनगटात अडकवा, मांजर टॉवेलमध्ये गुंडाळा आणि मगच काढा. मानेचा साधा पट्टा चालत नाही, मांजर मागे सरकून त्यातून डोकं काढते.

गोठा_ते_गॅलरी
औषधाचं आधी. ॲव्हिल देऊ नका. कुणी सांगितली म्हणून द्यायची ती गोळी नव्हे. झोप येईलच असं नाही, काही मांजरं उलट जास्त बिथरतात, तोंडाला फेस येतो. झोपेची भारी औषधं तर त्याहून वाईट. त्यांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि जनावर गुंगीत असलं तर श्वास अडकतोय हे तुम्हाला कळतही नाही. पर्शियनचं नाक चपटं, श्वासनलिका आधीच अरुंद. गुंगीतलं जनावर दिसलं तर कंपनी विमानात चढूही देत नाही.

फारच घाबरणारी असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन लिहून देतात. ते द्यायचं असलं तर प्रवासाच्या आठवडाभर आधी घरी एकदा देऊन बघायचं. मात्रा वजनानुसार डॉक्टरच ठरवणार. उलटीसाठीही वेगळं औषध मिळतं. आणि घरातली पॅरासिटामोल किंवा क्रोसिन चुकूनही नको, मांजराला ती जीवघेणी आहे.

आता कागद. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार कुत्रं-मांजर नेताना पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतोच, मग विमान असो की रेल्वे. त्यात हे सगळं हवं: जात, लिंग, वय, रंग, वजन, मालकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच, लसींच्या तारखा, संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, विमानप्रवासास योग्य आहे. खाली सही, शिक्का आणि डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक नसल्याने कागद परत आलेले आहेत, तेवढं आवर्जून बघा.

दाखला ताजा लागतो. प्रवासाच्या आधीच्या ७२ तासांच्या आत घेतलात की सहसा अडचण येत नाही. मात्र तास मोजा, दिवस नाही. रविवारी संध्याकाळचं विमान आणि दाखला गुरुवारी सकाळचा, म्हणजे मुदत उलटली. शुक्रवारी घ्या.

लसीचं कार्ड म्हणजे बाटलीवरचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख, सही. नुसती पेनाने लिहिलेली तारीख कुणी धरत नाही. रेबीजची लस महिन्याहून जुनी आणि वर्षाच्या आतली असावी. तुमची जूनची आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात चालते. उगाच खबरदारी म्हणून एप्रिलच्या शेवटी पुन्हा टोचून घेऊ नका, काउंटरवरचा माणूस शेवटची तारीख बघतो आणि महिना झाला नाही म्हणून अडवतो. दिल्लीत पोचून जूनमध्ये द्या. सगळ्याच्या तीन-तीन प्रती ठेवा.

आणखी एक: सगळी परवानगी असली तरी शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो. हे नियमातच आहे, तेव्हा वाद घालून उपयोग नाही. मांजर शांत आणि बॅग कोरडी, एवढंच आपल्या हातात.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा
याच धाग्यात विचारतो. पग आहे, चार वर्षांचा, ८ किलो ४००. साताऱ्याहून बंगळूरला न्यायचाय. केबिनमध्ये बसत नसेल तर खालच्या सामानकक्षात पाठवता येईल का? पिंजरा आहे.

गोठा_ते_गॅलरी
पगला सामानकक्षात घालू नका. कुत्रं घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतं. पगचं नाक दबलेलं, टाळू लांब, त्यामुळे धाप पुरेशी पडत नाही. विमान उडाल्यावर तो कक्ष दाबाखाली असतो, तापमानही राखता येतं. धोका जमिनीवर आहे, पिंजरा ट्रॉलीवर उन्हात अर्धा तास थांबतो तेव्हा. म्हणूनच कित्येक कंपन्या चपट्या नाकाच्या जाती खाली घेतच नाहीत: पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू, पर्शियन.

पिंजऱ्यासकट ज्या कंपनीच्या केबिनच्या मर्यादेत बसेल तिथे बघा. नाहीतर गाडीने न्या. साताऱ्याहून बंगळूर सातशेच्या वर किलोमीटर आहे, पण सगळा महामार्ग. संध्याकाळी निघा, रात्रीच्या गारव्यात बेळगाव, हुबळी मागे टाका, दर तीन तासांनी उतरवून पाणी. श्वासाचा घरघर आवाज जास्त असेल तर निघण्याआधी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवून घ्या, तुम्हाला जवळ आहे.

कृष्णाकाठ
पुढेमागे दुसरं, लांब नाकाचं कुत्रं खाली पाठवायचं झालं तर पिंजऱ्याचं माप आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) सूत्राने काढतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंत उंची, खांद्याची रुंदी, आणि उभं असताना डोक्यापर्यंत किंवा उभ्या कानांच्या टोकापर्यंत उंची, जे जास्त असेल ते. पिंजऱ्याची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्याची दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक अंथरूण. समजा मापं ५०, २०, १८ आणि ४८ सेंटिमीटर आली, अंथरूण ३ सेंटिमीटर, तर पिंजरा किमान ६० लांब, ३६ रुंद, ५१ उंच. दुकानदार 'मीडियम बसेल' म्हणतो त्यावर जाऊ नका.

वरचा आणि खालचा भाग जोडायला प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात, त्या काढून धातूचे नट-बोल्ट लावा. चाकं असतील तर काढा. पाण्याची वाटी दाराला आतून, बाहेरून भरता येईल अशी. आदल्या रात्री ती फ्रीजरमध्ये गोठवून लावली की चढवताना सांडत नाही, हळूहळू वितळते. आत जिवंत प्राणी असल्याचा आणि वरची बाजू दाखवणाऱ्या बाणांचा असे दोन्ही शिक्के लागतात.

द्राक्षबाग, तासगाव
आमच्याकडे राघू आहे, पिंजऱ्यासकट जेमतेम एक किलो. पक्ष्यांना हेच नियम का?

पेठनाका
विमानाचं सोडा. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. तो घरात ठेवणं हाच गुन्हा, विमानतळावर नेणं म्हणजे स्वतःहून हजर होणं. वन विभागाला कळवून सोपवा. बजरीगार किंवा कॉकाटील असेल तर गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी कंपनीला विचारा. आफ्रिकन ग्रेसारख्या विदेशी पोपटांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

मिरज_जंक्शन
परदेशाचं कुणी विचारलं नाही, पण विचारणार हे नक्की, म्हणून एकदाच लिहितो. जर्मनी किंवा युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात भारतातून कुत्रं-मांजर न्यायचं तर आधी १५ अंकी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस. चिप नंतर बसवली तर आधीची लस मोजत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तो त्यांच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडांचा निकाल ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवा. नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून चार महिने तरी गेलेच. व्हिसा आल्यावर सुरुवात केली तर जनावर मागे राहतं. देश सोडण्याचा दाखला मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयातून मिळतो. ब्रिटनला पाळीव प्राणी फक्त कार्गोने जातो, केबिनमध्ये नाही.

विश्रामबागकर, सांगली
सगळ्यांचे आभार. वजन करून आलो, बॅगेसकट ५ किलो १५०. सकाळी आठच्या सुमाराचं थेट विमान बघतोय. निघायचं कधी आणि खाणं कधी बंद करायचं? मध्ये लिटर बॉक्सचं (शी-शूच्या ट्रेचं) काय करतात?

कृष्णाकाठ
सकाळचंच घ्या, दुपारचं नको, दिल्लीत मेमध्ये दुपारी उतरणं म्हणजे शिक्षा. वेब चेक-इन होत नाही, काउंटरवरच जावं लागतं आणि प्राण्याचं शुल्क तिथे वेगळं भरायचं असतं, ते तुमच्या मोफत सामानात धरत नाहीत. म्हणून लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, साडेपाचपर्यंत पोचा. सांगलीहून पाच तास धरले तर रात्री साडेबाराला निघा. त्या वेळी कात्रजही मोकळं असतं. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणावर गाडी हळू घ्यायला सांगा, मांजरं तिथे उलट्या करतात.

शेवटचं जेवण रात्री आठला, नेहमीच्या निम्मं. त्यानंतर घन काही नाही. पाणी बंद करू नका, थांबाल तिथे सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर द्या. सुका खाऊ खिशात ठेवा, दिल्लीत उतरल्यावर.

लिटरसाठी: निघायच्या आधी तिला बॉक्समध्ये जाऊ द्या. वाटेत शिरवळच्या पुढे गाडी थांबवून, काचा आणि दारं बंद ठेवून, फॉइलच्या उथळ ट्रेमध्ये दोन मुठी लिटर घालून एकदा संधी द्या. बऱ्याच जणी करत नाहीत, बारा तासांपर्यंत धरून ठेवतात, घाबरू नका. दोन पॅड, ओले टिश्यू आणि घट्ट बांधायच्या पिशव्या हातातल्या बॅगेत ठेवा. घरच्या वापरलेल्या लिटरची एक वाटी झिप पिशवीत बंद करून मोठ्या सामानात टाका. दिल्लीच्या घरात नव्या लिटरवर ती पसरली की तिला जागा लगेच कळते. पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा आणि गॅलरीचं दार बंद.