लिबर्टेरियन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आणि तिथला ‘नोटा’

फोंडा_वाचक:
आपल्याकडे, गोव्यात काय किंवा दिल्लीत काय, ‘नोटा’ला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असलेला निवडून येतोच. 2013 पासून हेच चाललंय. अमेरिकेच्या लिबर्टेरियन पक्षात (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारा छोटा पक्ष) मात्र उमेदवार ठरवताना ‘यापैकी कोणीही नाही’ हा पर्याय जिंकू शकतो, असं वाचलं. ते कसं? आणि प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं प्राथमिक मतदान, जिंकली की उमेदवारी नक्की का?

मांडवी_काठ:
नक्की नाही. त्यांच्या प्रायमरी फक्त कल दाखवतात, पक्षाच्या अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींवर बंधन नसतं. निवड अधिवेशनातच होते. कोणालातरी निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत फेऱ्या चालतात, प्रत्येक फेरीत तळाचा उमेदवार गळतो, नोटा मात्र शेवटपर्यंत कायम. 2024 मध्ये सातव्या फेरीत चेस ऑलिव्हर यांच्यासमोर फक्त नोटा उरला होता. ऑलिव्हर यांना सुमारे 60 टक्के, नोटाला सुमारे 36. उलट झालं असतं तर त्या वर्षी पक्षाला उमेदवारच नसता. रॉबर्ट केनेडी ज्युनियर पहिल्याच फेरीत बाद झाले होते.

उपाध्यक्षपदाचा उमेदवारही प्रतिनिधीच वेगळ्या मतदानाने निवडतात. 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना विल्यम वेल्ड हवे होते, तर वेल्ड दुसऱ्या फेरीत जेमतेम निम्म्यापुढे गेले. दोघेही पूर्वी रिपब्लिकन गव्हर्नर, आणि कट्टर कार्यकर्त्यांना तेच खुपत होतं.

जुना_अंक:
ओळखीचा चेहरा की कट्टर तत्त्वनिष्ठ, हा वाद पक्षाइतकाच जुना आहे. स्थापना 1971 ची. 1972 मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स उभे राहिले. मतपत्रिकेवर नाव फक्त दोन राज्यांत, मतं चार हजारांच्या आत. तरी व्हर्जिनियाच्या रॉजर मॅकब्राइड या रिपब्लिकन इलेक्टरने (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याच्या वतीने मत देणारा) निक्सन यांना सोडून त्यांना मत दिलं. त्याच मतामुळे त्यांच्या जोडीच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन इलेक्टोरल मत मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. 1976 ची उमेदवारी मॅकब्राइड यांनाच मिळाली.

1980 मध्ये डेव्हिड कोक यांना उपाध्यक्षपदासाठी उभं केलं ते पैशाच्या हिशोबाने. देणगीला मर्यादा होती, पण उमेदवाराला स्वतःचा पैसा हवा तेवढा ओतता येत होता. त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार एड क्लार्क यांना 1 टक्क्याच्या थोडी वर मतं पडली. 2016 ला जॉन्सन सव्वातीन टक्क्यांवर गेले. केंद्राच्या निवडणूक निधीसाठी 5 टक्के लागतात, म्हणजे तेही कमीच. माझ्या मते ओळखीचा चेहरा मतं आणतो, पण पुढच्या वेळी ती टिकत नाहीत: 2020 मध्ये जो जॉर्गेनसन यांना 1.2 टक्केच मिळाली.

मांडवी_काठ:
आपल्याकडचं जवळचं उदाहरण 1969 चं. परमिटराजाविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र पक्षाने जनसंघासोबत राष्ट्रपतिपदासाठी सी. डी. देशमुखांना पाठिंबा दिला. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच चिंतामणराव. पहिल्या पसंतीची त्यांना 1,12,769 मतं. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, होता 4,18,169, आणि व्ही. व्ही. गिरी 4,01,515 वर अडकले होते. मग खालच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या. देशमुखांची बहुतेक मतं काँग्रेसचे उमेदवार संजीव रेड्डींकडे वळली, तरी गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 ने जिंकले.

फरक इथेच आहे. आपला आमदार सगळ्या पसंती एकदाच लिहून देतो. गोव्याच्या आमदाराच्या मताचं मूल्य 20, चाळीस जणांचे मिळून 800. लिबर्टेरियन प्रतिनिधी मात्र प्रत्येक फेरीनंतर निकाल बघून पुन्हा मत देतो, त्यामुळे खरी बोलणी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात होतात.