ऑटिझमला ‘मानसिक आजार’ का म्हणायचं?

कर्वेनगरची आई
माझा मुलगा ९ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी केसपेपर काढायला गेले तर काउंटरवरच्या बाईंनी मला न विचारताच ‘मानसिक आजार’ वर टिक केली, मी म्हटलं अहो हा आजार नाहीये, हा वाढीतला फरक आहे, तर म्हणाल्या सायकिॲट्रीतच येतं ते मॅडम, पुढे व्हा. घरी सासूबाईंनी पेपर वाचला आणि एकच शब्द बोलल्या, “येरवडा?” पुण्यात त्याचा अर्थ मनोरुग्णालय, वेगळं सांगायला नको. रात्रभर झोप नाही लागली मला.

माझं म्हणणं सरळ आहे. हा दीड वर्षाचा असल्यापासून असाच आहे, बोट दाखवायचा नाही, हाक मारली की वळायचा नाही, पण मिक्सर लावला की कानावर हात ठेवून कॉटखाली. आधी बरा होता आणि मग काहीतरी बिघडलं असं झालेलंच नाही. पूर्वी डॉक्टर लोक पण हीच चूक करायचे. कॅनर नावाच्या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल लिहिलं तरी डीएसएममध्ये (मानसिक विकारांचं अमेरिकन पुस्तक) १९८० पर्यंत असली मुलं लहानपणचा स्किझोफ्रेनिया म्हणूनच धरायचे, आणि वर आईच्या माथी मारायचे, आई थंड म्हणून मूल असं. आता २०१३ पासून त्याच पुस्तकात ‘मेंदूच्या वाढीशी संबंधित’ असा वेगळा गट आहे. मग पुण्यातल्या काउंटरवर अजून जुनंच का?

निवृत्त सिस्टर
मनोविकार वॉर्डात २८ वर्षं ड्यूटी केली आहे म्हणून लिहिते, राग मानू नकोस. वेगळा गट आहे हे खरं, पण गट कुठल्या पुस्तकात आहे? मानसिक विकारांच्याच ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येपण (आजारांची जागतिक यादी) ऑटिझम, डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया एकाच प्रकरणात आहेत. तुझं भांडण वर्गीकरणाशी नाहीच, तुला ‘येरवडा’ शब्द लागला. अगं पण येरवड्यातल्या पेशंटलाही आई असते. ‘आमचं मूल त्यांच्यातलं नाही’ असं आपणच म्हणायला लागलो तर ‘ते’ म्हणजे कोण? माझ्या वॉर्डातल्या बायकांना दिवाळीला भेटायला कोणी यायचं नाही, ते याच लाजेपोटी.

ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), सातारा रोड
सिस्टर, लाजेचं पटतं. पण रोजचं काम बघा ना, माझ्याकडे येणाऱ्या मुलाला शर्टाची बटणं लावायला, रांगेत थांबायला, आवाज सहन करायला शिकवायचं असतं. मूळ ऑटिझमवर गोळी नाहीच. ‘मानसिक’ म्हटलं की पालक गोळीची वाट बघत बसतात आणि २ ते ५ वर्षांचा सगळ्यात मोलाचा काळ हातातून जातो.

सिंहगड रोडचा बाप
माझा २२ चा आहे, म्हणून मी सिस्टरच्या बाजूने. विकासात्मक, विकासात्मक म्हणत तो १८ चा झाला आणि बालरोगवाल्यांनी दार लावून घेतलं. गेल्या वर्षी त्याने खाणं सोडलं, स्वतःच्या मनगटाला चावायचा, रक्त यायचं. दोन ठिकाणी सांगितलं, ‘ऑटिझममध्ये असं होतंच’. तिसऱ्या ठिकाणी एका सायकिॲट्रिस्टने अर्धा तास खाली त्याच्या शेजारी बसून सांगितलं की याला डिप्रेशन आलंय. औषधाने दीड महिन्यात तो ताटावर आला. वर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच द्यायचा. तो हक्क तुम्ही शब्दाच्या हट्टापायी सोडणार?

कर्वेनगरची आई
दादा, वाचून पोटात तुटलं. पण तुम्हीच सांगितलंत ना, औषध डिप्रेशनला लागू पडलं! डिप्रेशन आलं आणि गेलं, ऑटिझम आधी होता आणि आत्ताही आहे. नेमकं हेच दोन ठिकाणच्या लोकांना कळलं नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार वेगळा आणि ऑटिझम वेगळा, बौद्धिक दिव्यांगत्वाच्या खाली आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजनाही ऑटिझमला नावाने मिळते, १ लाखापर्यंत.

हिंजवडी, वय ३४
ते ‘बौद्धिक’ मला कसं बसवणार? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑटिझम ३१ व्या वर्षी कळला. त्याआधी ६ वर्षं फक्त चिंतेचे उपचार. दरवर्षी गणपतीआधी नदीपात्रात ढोलाचा सराव सुरू झाला की मी डेक्कनचा रस्ता सोडून लांबून घरी जायचो, छातीत आणि दातांत आवाज शिरतो अक्षरशः. गोळीने चिंता कमी झाली, ढोल तेवढाच राहिला. तेव्हा वाढीतला फरक हेच बरोबर, यात मला शंका नाही. अजून एक, आपला ‘स्वमग्न’ शब्दच मला खुपतो. ऑटिझम हा शब्द ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी वापरला, जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडालेला या अर्थाने. मराठीत आपण तोच अर्थ उचलला. मी स्वतःत बुडालेलो नसतो हो, मला सगळं एकदम ऐकू येत असतं.

सिंहगड रोडचा बाप
हे माझ्या मुलाला सांगता आलं असतं तर.

कर्वेनगरची आई
सोमवारी परत जाणार आहे, ती टिक बदलून घ्यायला. ऑटिझम विकासात्मक लिहा, आणि पुढे मनाचा काही त्रास झाला तर तो वेगळा लिहा, एवढंच मागणार. सिस्टर, आजाराची लाज वाटल्याचं तुमचं बोलणं लागलं मला, खरं होतं ते. सासूबाईंशी त्यावर बोलले काल.

निवृत्त सिस्टर
माझं मत बदललं नाही, एकाच छपराखाली असावं असंच वाटतं. पण न विचारता टिक करणं चूकच. किती वाजता जाणार आहेस? नळस्टॉपला थांबते मी, मुलाला आणणार असलीस तर सकाळी लवकर जाऊ, गर्दी कमी असते.