मदत हवी आहे : सायट्रान्सच्या सेटमध्ये संबळ वाजवावा की नाही?

रानवारा
येत्या शनिवारी गोव्यात वागातोरला माझा डीजे सेट आहे आणि आयोजकांनी काल फोन करून “फक्त सायट्रान्स” (वेगवान, सलग ठेक्याचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) असे बजावले आहे. देवीच्या गोंधळात मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या संबळाच्या ठेक्यावर गेले चार महिने खपून मी बारा मिनिटांचा भाग बांधला आहे. तोच वाजवायचा नसेल, तर तिथे माझ्याऐवजी दुसरा कोणीही उभा राहिला तरी चालेल. आयोजकांना आधी सांगावे, की सरळ वाजवावा? कृपया लवकर उत्तर द्या, पेनड्राइव्ह उद्याच तयार करायचा आहे.

किनारपट्टी
सेट किती वाजता आहे, तुमच्यानंतर कोणत्या प्रकारचे संगीत आहे आणि पोस्टरवर काय छापले आहे, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. पहाटेच्या श्रोत्यांना जे चालते ते मध्यरात्री चालत नाही.

जुना_हणजुणकर
वेळ कोणतीही असो, अवश्य वाजवा. 1980 च्या दशकात गोव्यातल्या हणजुणच्या किनाऱ्यावर युरोपातून आलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतातले गायन कापून, उरलेला भाग कॅसेटवर जोडून वाजवला जात असे, आणि त्या सरमिसळीतूनच पुढे गोवा ट्रान्स, म्हणजे सायट्रान्सचे मूळ रूप, घडले. नंतर डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप आल्या. त्यांवर वेग जुळवण्याची सोय नसल्यामुळे ठेक्याशिवायचे लांबलचक आरंभ आणि शेवट एकमेकांत मिसळावे लागत. आज ज्याला शैलीचा नियम म्हणतात, त्यातले बरेचसे अशा अडचणींतून आलेले आहे.

कायदाप्रेमी
रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. आयोजकांकडे लेखी परवानगी आहे का, हे आधी तपासून घ्या.

रानवारा
परवानगीचा प्रश्न मी विचारलेला नाही. सेट संध्याकाळी 5 ते 6.30 असा आहे, माझ्यानंतर फुल-ऑन (सायट्रान्सचाच जोशपूर्ण प्रकार) वाजवणारे आहेत आणि पोस्टरवर “सायट्रान्स” एवढेच छापले आहे.

किनारपट्टी
मग हा वॉर्म-अप सेट, म्हणजे पुढच्या डीजेसाठी वातावरण तयार करणारा सेट आहे, आणि हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. हणजुणकर, तुम्ही सांगता त्या काळी लोक शैलीचे नाव वाचून तिकीट काढत नव्हते. आता काढतात, आणि पोस्टरवरचा शब्द हा त्यांना दिलेला शब्द असतो. पुण्यातल्या एका क्लबात मी स्वतः टेक्नोच्या रात्री न सांगता वीस मिनिटे डब (रेगेतून आलेले संथ संगीत) वाजवले होते. अर्धा फ्लोअर रिकामा झाला आणि माझ्यानंतरच्या डीजेला तो पुन्हा भरायला तासभर लागला. त्याची माफी मागताना मला जे वाटले, ते मी विसरलेलो नाही.

दादरचा_श्रोता
चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत टीआर-808 (ड्रम मशीन) आणि टीबी-303 (बेस सिंथेसायझर) या यंत्रांवर राग वाजवून तबकडी काढली, तेव्हा तशाच आवाजाच्या नृत्यसंगीताचे “अ‍ॅसिड हाउस” हे नावही रूढ झाले नव्हते. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने तिची दखल घेतली. संगीत आधी येते आणि शैलीचे नाव मागाहून, म्हणून तुम्ही थांबू नका.

किनारपट्टी
तबकडी अठ्ठावीस वर्षे वाट पाहू शकते. नाचणारा माणूस दोन मिनिटेही पाहत नाही.

मात्रा_बारा
स्वातंत्र्याची चर्चा चालू द्या, पण ठेका किती मात्रांचा आहे आणि वेग किती ठेवला आहे, हे कोणी विचारले का?

रानवारा
सहा मात्रा, 144 बीपीएम (मिनिटाला 144 ठोके). एका किकला, म्हणजे मुख्य ड्रमच्या एका ठोक्याला, एक मात्रा.

मात्रा_बारा
खरी अडचण इथे आहे. सायट्रान्समध्ये वाक्य सोळा किकचे असते आणि प्रत्येक किकच्या मागे बेसचे तीन ठोके धावतात. सहाचे आवर्तन आणि सोळाचे वाक्य यांची सम (पहिली मात्रा) 48 किकनंतर, म्हणजे तुमच्या वेगात बरोबर वीस सेकंदांनी एकत्र येते. नवा थर त्या समेवरच आणलात तर नाचणाऱ्याचा पाय चुकणार नाही आणि त्याला ते सायट्रान्सच वाटेल; अधेमधे आणलात तर ठेका घसरला असेच वाटेल. संबळाच्या जाड आवाजाच्या नगाऱ्याचा खर्ज फिल्टरने कापा, नाहीतर तो किकशी भांडेल. बेसलाइन मात्र अजिबात थांबवू नका.

जुना_हणजुणकर
बेसलाइन थांबवायची नाही, मग स्वातंत्र्य ते कसले? संबळ एक मिनिट तरी एकटा वाजू द्या.

मात्रा_बारा
एकटा वाजवायचा असेल तर तो अगदी सुरुवातीला, किक येण्याआधी वाजवावा. तुमच्या डॅटच्या काळातही आरंभ तसेच असत.

रानवारा
तो भाग आत्ताच आयोजकांना पाठवला. पहिल्या वीस मिनिटांत वाजवायला त्यांची हरकत नाही, पण बारा मिनिटे फार होतात, सात करा, असे ते म्हणतात. पाच मिनिटे कुठून कापावीत? समेचे हिशेब माझ्याकडून कागदावर जमत नाहीत. मात्रा_बारा, फाइल पाठवली तर आज रात्री ऐकाल का?